पॅनेल किती फुटांवर आहे? महापुरात पाणी, वीज आणि रुग्णालय चालू ठेवण्याची तयारी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला पंचगंगेच्या पुराने वेढा दिला होता, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता आणि त्याच दिवसांत शहरातले नळ कोरडे पडले होते. दारात पुरुषभर पाणी आणि घरात घोटभर प्यायला नाही, अशी ती अवस्था होती. नदीत पाणी नव्हते असे अर्थातच नाही. शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी येथील उपसा केंद्रेच पाण्यात गेली होती. अशा वेळी जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि उंचावरच्या टाक्या बहुधा शाबूत असतात. बुडतात त्या मोटरी, स्टार्टर, केबलचे जोड आणि भिंतीवर कमरेच्या उंचीला बसवलेले विजेचे पॅनेल. कोट्यवधी रुपयांची योजना कपाटाएवढ्या एका लोखंडी पेटीपायी आठवडाभर थांबते, आणि ती पेटी तेथे का बसवली असे विचारले तर उत्तर मिळते की तेथे भिंत मोकळी होती.

हा लेख नगरपालिका आणि मोठ्या ग्रामपंचायतींचे पाणीपुरवठा अभियंते, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि आपत्ती आराखडा लिहिण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडते त्या सर्वांसाठी आहे. नदीकाठच्या पाणीपुरवठ्यात मी बरीच वर्षे काढली असल्यामुळे येथे भर पुरावर आहे. वादळ आणि भूकंप यांचा विचार त्या ओघात येईल. सारी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे: सुविधा सरासरीने टिकत नाही, तिच्यातील सर्वांत खालची वस्तू जितकी टिकते तितकीच ती टिकते. म्हणून पैसा मागण्याआधी ती वस्तू शोधावी.

आधी साखळी कागदावर उतरवा

एका कोऱ्या कागदावर आपल्या सुविधेचे नाव लिहावे आणि तिच्याभोवती चार गोष्टी लिहाव्यात: वीज कोणत्या उपकेंद्रातून आणि कोणत्या फीडरवरून (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवरून) येते, इंधन आणि रसायने कोणत्या रस्त्याने येतात, निरोप कशावरून जातो, आणि काम करणारी माणसे कोठे राहतात. मग त्या प्रत्येक गोष्टीपुढे पुन्हा हेच चार प्रश्न लिहावेत. दोन-तीन पायऱ्या खाली उतरल्यावर बहुतेक सर्व रेषा एकदोन ठिकाणी येऊन मिळतात आणि तेच आपल्या शहराचे खरे मर्मस्थान असते.

आपल्याकडे हे मर्मस्थान पुष्कळदा एखादा पूल असतो. पुलाच्या कठड्याला बाहेरून मोठी जलवाहिनी टांगलेली असते, तिच्या शेजारून ऑप्टिकल फायबरची केबल गेलेली असते, त्याच पुलावरून क्लोरीनचे सिलिंडर आणि डिझेलचे टँकर येतात, आणि रात्रपाळीचे कर्मचारीही त्याच पुलावरून घरी जातात. या चार गोष्टी चार विभागांच्या चार आराखड्यांमध्ये स्वतंत्र म्हणून नोंदलेल्या असतात, पण पूल बंद पडला की चारही एकाच तासात तुटतात. दोन फीडर असूनही दोन्ही एकाच उपकेंद्रातून निघत असतील, किंवा दोन मोबाइल कंपन्यांची सेवा घेऊनही दोघींचे अँटेना एकाच टॉवरवर असतील, तर कागदावर पर्याय दोन असतात आणि प्रत्यक्षात एकच.

माणसांचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक सांगतो. व्हॉल्व्हमन, पंपचालक आणि वायरमन हे बहुधा गावठाणात किंवा नदीलगतच्या वस्तीत राहतात. पूर येतो तेव्हा त्यांचेही घर बुडत असते, आणि मुलेबाळे सोडून कामावर येण्याची अपेक्षा कोणी करू नये. जे कर्मचारी पूरकाळात कामावर लागणार आहेत त्यांच्या कुटुंबांच्या निवाऱ्याची सोय सर्वांत आधी लावून द्यावी. ही व्यवस्था जेथे केली जाते तेथे माणसे तीन-तीन दिवस पंपहाउस सोडत नाहीत. शिवाय कोणता व्हॉल्व्ह कोणत्या बोळात आहे हे एका जुन्या माणसाच्या डोक्यातच असेल, तर तो नकाशा यंदाच्या पावसाळ्याआधी कागदावर यायला हवा.

पातळी मोजा, आठवणीवर विसंबू नका

‘पाणी इथपर्यंत आले होते’ असे सांगणारा हात प्रत्येकाचा वेगळ्या उंचीवर थांबतो. म्हणून पहिले काम लेव्हल घेण्याचे. जलसंपदा विभागाकडून किंवा बांधकाम विभागाकडून जवळच्या बेंचमार्कची, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेची, समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवावी, सर्वेक्षकाकडून ती आपल्या आवारात आणून एका पक्क्या दगडावर कोरून घ्यावी, आणि त्या दगडाच्या आधाराने आवारातील प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूची पातळी लिहावी. यात उंबरठा, मोटरीचा पाया, पॅनेलची खालची कड, केबल ट्रेंचचे तोंड, जनरेटरची बॅटरी, डिझेल टाकीचे झाकण, बॅटरी खोलीची फरशी आणि सांडपाण्याचे शेवटचे चेंबर हे सारे यावे. दोन माणसांना हे काम एका दिवसात होते. मग ही यादी खालून वर अशी लावावी. यादीतील पहिले नाव वाचून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण ते मोटरीचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे नसून एखाद्या टर्मिनल बॉक्सचे किंवा बॅटरीचे असते.

दुसऱ्या बाजूला पुराची पातळी हवी. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या ‘शंभर वर्षांतून एकदा’ने फार घोटाळा केला आहे. त्याचा अर्थ असा की दरवर्षी त्या पुराची शक्यता शंभरात एक असते; मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा तो सुटीवर जात नाही. तीस वर्षे चालावयाच्या पंपहाउसच्या आयुष्यात लाल रेषेचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, तर निळ्या रेषेचा पूर येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के भरते. चारात एक शक्यता असलेला धोका आपण घराच्या बाबतीत पत्करणार नाही, मग शहराच्या पाण्याच्या बाबतीत का पत्करावा?

या रेषा मागील नोंदींवरून काढलेल्या असतात आणि नदीकाठचे भराव, नवे पूल, महामार्गाची वाढलेली उंची, पावसाचा बदललेला झोत यांमुळे त्या मागे पडू शकतात. म्हणून अत्यावश्यक सुविधेसाठी लाल रेषा आणि प्रत्यक्ष नोंदलेला सर्वोच्च पूर या दोहोंतील जी पातळी अधिक असेल ती धरावी आणि तिच्यावर मोकळी उंची सोडावी. मी स्वतः तीन फूट सोडतो. वाहत्या पाण्याच्या लाटा, अडकलेल्या ओंडक्यांमुळे चढणारे पाणी आणि आपल्या मोजणीतील चूक हे सारे त्या तीन फुटांत सामावावे लागते.

उंचीचा हा हिशेब किती निर्णायक ठरतो ते जपानने ११ मार्च २०११ रोजी पाहिले. फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात भूकंपानंतर आपत्कालीन जनरेटर सुरू झाले होते, पण बहुतेक जनरेटर तळघरांत असल्यामुळे त्सुनामीच्या पाण्याने ते बंद पडले. दोन जनरेटर वर असल्याने वाचले, तरी त्यांची वीज जोडणारी-तोडणारी स्विचगिअर पॅनेल तळघरात बुडाली आणि ते धडधाकट जनरेटर निरुपयोगी ठरले. सहाव्या संचाचा, म्हणजे सहाव्या अणुभट्टीचा, हवेने थंड होणारा एक जनरेटर आणि त्याची जोडणी मात्र सुरक्षित राहिली, आणि त्या एकाने पाचवा आणि सहावा असे दोन संच सावरले. त्याच किनाऱ्यावरील ओनागावा केंद्र मात्र सुमारे १४.८ मीटर उंचीवर बांधलेले होते. तेथे आलेल्या सुमारे १३ मीटरच्या लाटेतून ते सुखरूप राहिले.

उचलावे, अडवावे की बुडू द्यावे

यादीतील प्रत्येक वस्तूसाठी तीन मार्ग असतात. पहिला मार्ग वस्तू वर नेण्याचा. तो सर्वांत खात्रीचा आणि पॅनेल, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, संगणक, नोंदवह्या यांच्यासाठी तुलनेने स्वस्त असतो. पॅनेल वर नेताना केबलची लांबी वाढते, कधी केबलचा आकारही वाढवावा लागतो, आणि चालकाला पुरात तेथे पोहोचता यावे म्हणून बाहेरून जिना आणि उभे राहण्यापुरता कठडा लागतो. हा जिना विसरला जातो. पॅनेल पंधरा फुटांवर गेले पण त्याच्याकडे जाणारे दार तळमजल्यावरूनच उघडत असेल, तर होडीतून आलेल्या माणसाला ते दुरून पाहत बसावे लागेल.

जॅकवेलवरील, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीवरील, उभ्या टर्बाइन पंपांचे गणित वेगळे आहे. तेथे मोटर वरच्या मजल्यावर आणि पंप खाली विहिरीत असतो, दोघांना जोडणारा लांब दांडा मध्ये असतो. मोटरीचा मजला वर नेणे म्हणजे दांडा आणि कॉलम पाइप वाढवणे, आणि त्याबरोबर कंपन, बेअरिंग, क्रेनची उंची हे सारे पुन्हा तपासणे. नवीन बांधकामात हे करावेच. जुन्या जॅकवेलमध्ये ते जमत नसेल तर निदान एक पंप पाणबुडी प्रकारचा ठेवावा. पाणबुडी पंपाची मोटर पाण्यातच चालण्यासाठी बनलेली असते, त्यामुळे केवळ केबल आणि पॅनेल उंचावर असले की भागते. असा एकच पंप चालला तरी शहराला दिवसाआड पिण्यापुरते पाणी मिळते, आणि पुराच्या आठवड्यात तेवढेच हवे असते.

दुसरा मार्ग पाणी अडवण्याचा, म्हणजे भिंत, दारात सरकवायच्या फळ्या आणि वाळूच्या पोत्यांचा. तो दिसतो सोपा, पण फसवा आहे. एका पुरात आम्ही पंपहाउसच्या दाराशी रात्रभर पोती रचली होती. पहाटे दार कोरडे होते आणि आत घोट्याएवढे पाणी होते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा पाणी मागून, केबल ट्रेंचमधून, शांतपणे बुडबुडे सोडत वर येत होते. पाणी दारातून येईल असे धरून आपण दारावर पहारा ठेवतो. ते मात्र केबलच्या पाइपातून, सांडपाण्याच्या चेंबरमधून आणि भिंतीतील जुन्या भोकांतून येते. म्हणून अडवण्याआधी आतील प्रत्येक छिद्र शोधावे, केबलच्या वाटा योग्य सीलंटने बंद कराव्यात, गटाराच्या तोंडाला पाणी उलटे येऊ न देणारा फ्लॅप व्हॉल्व्ह बसवावा, आणि तरीही जे झिरपेल ते उपसण्यासाठी आत एक छोटा पंप ठेवावा.

अडवण्याला मर्यादाही आहे. भिंतीवरचा पाण्याचा एकूण जोर खोलीच्या वर्गाने वाढतो. एक मीटर पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण ५०० किलो जोर लावते, तर दोन मीटर पाणी २००० किलो. साधी विटांची भिंत तीन फुटांपलीकडच्या पाण्यासाठी बांधलेली नसते. आत कोरडे आणि बाहेर छातीभर पाणी, अशा स्थितीत भिंत आत कोसळली तर नुकसान पाण्याने झाले असते त्याच्या कितीतरी पट होते. तेवढे पाणी अपेक्षित असेल तर काँक्रीटची संकल्पित भिंत बांधावी, नाहीतर पाणी आत येऊ द्यावे.

हा झाला तिसरा मार्ग: जे बुडले तरी चालेल ते बुडू देणे. पाइप, व्हॉल्व्ह, काँक्रीटचे पाये आणि पंपाचे बिडाचे अंग पाण्याला भीत नाहीत. मात्र ज्या वस्तू पोकळ आहेत त्या तरंगतात, हे ध्यानात ठेवावे. हजार लिटरची रिकामी डिझेल टाकी बुडाली की जवळजवळ एक टन जोराने वर उचलली जाते आणि नळ्या तोडून निघून जाते. जमिनीखालचा रिकामा सम्पही (पाणी साठवण्याची टाकी) भूजल वाढल्यावर वर उचलला जातो. पुराचा इशारा मिळताच टाक्या भरून ठेवाव्यात आणि जमिनीवरच्या टाक्यांना पट्ट्या मारून पायाशी जखडावे.

विजेची दुसरी वाट आणि डिझेलचा हिशेब

वितरण कंपनीकडे दुसरा फीडर मागताना तो दुसऱ्या उपकेंद्रातून आणि शक्यतो दुसऱ्या रस्त्याने यावा, असे अर्जातच लिहावे. ३३/११ केव्ही उपकेंद्र आपल्या ताब्यात नसते, तरी त्याची पातळी विचारून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मरचे लोखंडी अंग थोडे पाणी सोसते. घात होतो तो नियंत्रण कक्षातील पॅनेल, बॅटरी चार्जर आणि ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी असलेला ब्रीदर, म्हणजे त्याची हवा आत-बाहेर होण्याची वाट, यांचा. ब्रीदर पाण्यात गेला की ट्रान्सफॉर्मर थंड होताना पाणी आत ओढू शकतो, आणि तेलात पाणी गेले की ते गाळून, कोरडे करून, तपासल्याशिवाय चालू करता येत नाही.

जनरेटर घेताना सारे लक्ष केव्हीएवर, म्हणजे त्याच्या क्षमतेवर, असते, आणि इंधनाचा विचार कोणीतरी नंतर करतो. १२५ केव्हीएचा संच तीन चतुर्थांश भारावर तासाला सुमारे २० लिटर डिझेल पितो. तीन दिवस म्हणजे ७२ तास चालवायचा तर १४४० लिटर, म्हणजे २०० लिटरची सात-आठ बॅरल लागतात. तीन दिवस हा आकडा किमान धरावा. कोल्हापूरला २०१९ मध्ये महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि पेट्रोल पंपांवरचे इंधन आपत्कालीन कामांसाठी राखून ठेवावे लागले. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलसारखे वर्ग ‘ब’चे इंधन, एका पात्रात १००० लिटरपेक्षा अधिक नसेल, तर २५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय साठवता येते, त्याहून अधिक लागणार असेल तर परवान्याची फाइल उन्हाळ्यातच हलवावी. साठवलेले डिझेल सहा-आठ महिन्यांनी वापरून बदलावे, कारण टाकीच्या तळाशी पाणी आणि शेवाळासारखा चिकट गाळ जमतो आणि तो नेमक्या वेळी फिल्टर बंद करतो.

न्यूयॉर्कमध्ये २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळाचे पाणी शिरले तेव्हा बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना तेल चढवणारे पंप तळघरात होते. कर्मचारी आणि सैनिकांनी जिन्यात माणसांची साखळी उभी करून हाताहाती तेल वर पोहोचवले आणि जनरेटर काही काळ चालवले. अखेरीस रुग्णालय रिकामे करावे लागले. म्हणून जनरेटर उंचावर नेला की त्याची रोजची टाकीही वर न्यावी, तेल शक्यतो उताराने येईल अशी मांडणी करावी, आणि हातपंप टांगून ठेवावा.

जनरेटर महिन्यातून एकदा किमान अर्धा तास खऱ्या भारावर चालवावा. रिकामा फिरवून ‘चालू आहे’ अशी नोंद करणे ही आपली जुनी सवय आहे, आणि पुरात जनरेटर सुरू न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मेलेली बॅटरी. बाहेरून भाड्याचा जनरेटर आणून जोडता यावा म्हणून पूरपातळीच्या वर, इमारतीच्या बाहेरच्या बाजूस, चेंजओव्हर स्विचसह एक जोडणीपेटी बसवून ठेवावी. हे काम स्वस्तात होते. ते नसेल तर ट्रकवर उभा असलेला जनरेटर आणि आतील पॅनेल यांच्यामध्ये अर्धा दिवस केबलची शोधाशोध चालते.

रुग्णालय

रुग्णालयाचे प्राण दोन नळ्यांत असतात, वीज आणि प्राणवायू. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा एका कोविड रुग्णालयात वीज बंद पडली असताना रुग्ण दगावले. ऑक्सिजनची मॅनिफोल्ड खोली (जेथे सिलिंडर नळीला जोडलेले असतात), द्रव प्राणवायूच्या टाकीचा पाया, हवेतून प्राणवायू वेगळा करणारा संच आणि व्हॅक्यूम पंप यांची पातळी वरच्याच पद्धतीने मोजावी. हा संच विजेशिवाय चालत नाही, म्हणून भरलेल्या सिलिंडरांचा वेगळा साठा वरच्या मजल्यावर असावा. अतिदक्षता विभाग आणि प्रसूतिगृह तळमजल्यावर ठेवू नयेत. जागेअभावी ठेवावेच लागले तर खाटा वर हलवण्याचा सराव लिफ्टशिवाय, जिन्याने, एकदा तरी करून पाहावा. रुग्णाला चादरीच्या झोळीत घालून दोन मजले चढवायला किती माणसे आणि किती मिनिटे लागतात हे त्या सरावातच कळते, आणि हलवायला कोणत्या पातळीला सुरुवात करायची हे त्यावरून ठरते.

पूल, वारा आणि भूकंप

पुलांबद्दल एकच सांगतो: पाण्याच्या वरचा भाग पाहून पूल सुरक्षित ठरत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह वाहने वाहून गेली. पायाभोवतीची माती खरवडली जाणे हा पुरातल्या पुलांचा मुख्य शत्रू आहे, म्हणून दर पावसाळ्यानंतर नदीतळाची पातळी मोजून पायाच्या पातळीशी ताडून पाहावी. पुलावरची वाहतूक कोणत्या पाणीपातळीला बंद करायची तो आकडा खांबावर रंगवलेला असावा.

कोकणात पुराइतकाच वाऱ्याचा विचार करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर पडले आणि कित्येक गावांना दीर्घकाळ अंधारात राहावे लागले. भूमिगत केबल हा किनारी शहरांसाठी चांगला उपाय आहे, पण तिचे जोड आणि रिंग मेन युनिट (तिच्यावरची स्विचपेटी) पुन्हा पूरपातळीच्या वर असावे लागतात, नाहीतर वाऱ्यापासून वाचलेली वीज पाण्यात बुडते. सगळे खांब बदलणे शक्य नसेल तर निदान रुग्णालय आणि पंपहाउस यांचा फीडर आधी भूमिगत करावा.

भूकंपात इमारतीइतकेच आतील सामान घात करते. १९९३ चा किल्लारीचा आणि त्याआधीचा १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याला माहीत आहेत. बॅटऱ्यांच्या मांडण्या भिंतीला बांधणे, चाकांवर उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरला रुळाशी जखडणे, सिलिंडरांना साखळी घालणे ही कामे गावातला वेल्डर दोन दिवसांत करतो. इमारतीचे बळकटीकरण मात्र तज्ज्ञांचे काम आहे. भुजमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जिल्हा रुग्णालय कोसळल्यावर त्या जागी बांधलेली नवी इमारत धक्का शोषणाऱ्या बेअरिंगवर उभी केली गेली; नव्या मोठ्या रुग्णालयाचा आराखडा करताना हा पर्याय निदान विचारून पाहावा.

किती फुटांना काय

कोल्हापुरात पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘राजाराम किती?’ असे विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर, तर आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे सर्वांना तोंडपाठ असतात, पण त्यांचे आपल्या आवाराशी नाते फार थोड्यांनी जोडलेले असते. बंधाऱ्यावर अमुक फूट असताना आपल्या पायरीशी पाणी कोठे असते, याची दोन-तीन पावसाळ्यांची नोंद ठेवली की स्वतःचा तक्ता तयार होतो. नदीला उतार असल्याने एकाच दिवशी दोन ठिकाणचे फूट सारखे नसतात, म्हणून शेजारच्या गावाचा तक्ता उचलून चालत नाही.

या तक्त्यात प्रत्येक पातळीपुढे एक काम आणि एका पदाचे नाव लिहावे. उदाहरणार्थ, इशारा पातळीच्या दोन फूट आधी, किंवा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येताच, डिझेल आणि टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) भरून घ्यावे आणि सर्व उंच टाक्या काठोकाठ भराव्यात. इशारा पातळीला कर्मचाऱ्यांची कुटुंबे हलवावीत आणि दुसऱ्या पाळीची माणसे आवारात आणून ठेवावीत. धोका पातळीला सुटे भाग आणि तळाच्या मोटरी चेन पुलीने वर घ्याव्यात. आणि पॅनेलच्या खालच्या कडेपासून पाणी दोन फुटांवर असताना वीजपुरवठा स्वतःहून बंद करावा.

हा शेवटचा निर्णय सर्वांत अवघड असतो. वेळेवर बंद केलेले पॅनेल, बुडाले तरी, आतील ब्रेकर आणि रिले बदलून आणि बाकीचे धुऊन वाळवून परत उभे राहू शकते. चालू स्थितीत बुडालेले जळते आणि माणूसही नेते. पण शहराचे पाणी आपल्या हाताने बंद करण्याची जबाबदारी रात्री दोन वाजता कोणी घेत नाही, फोनाफोनी सुरू होते, आणि तेवढ्यात पाणी वर चढते. म्हणून हा अधिकार आवारात हजर असणाऱ्या पाळीप्रमुखाला लेखी द्यावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आराखड्यात त्याची नोंद करून घ्यावी. निरोपासाठी मोबाइलवर विसंबू नये, कारण टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात. वायरलेस संच आणि ठरलेल्या वेळी होडीने फिरणारा माणूस अशा दोन वाटा तरी असाव्यात.

पाणी ओसरल्यावर

ओसरल्यानंतरची घाई पुरापेक्षा अधिक नुकसान करू शकते. लोक दाराशी उभे असतात, फोन थांबत नाही, आणि ओल्या मोटरीचे बटण दाबण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी गाळ ओला असतानाच काढावा, कारण वाळलेला गाळ सिमेंटसारखा बसतो. मग विजेची उपकरणे स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावीत. मोटरी वाळवून पुन्हा वापरता येतात; मात्र मंद उष्णतेवर पूर्ण वाळवून, ४१५ व्होल्टच्या मोटरीचे इन्सुलेशन मेगरवर (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणावर) किमान ५ मेगओहम दाखवेपर्यंत तिला वीज देऊ नये. बुडालेले सर्किट ब्रेकर, फ्यूज, रिले आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड मात्र वाळवून वापरू नयेत, ते बदलावेत. बाहेरून चकचकीत दिसणारा ब्रेकर आतल्या गाळामुळे गरजेच्या क्षणी उघडत नाही.

पूर ओसरला की जिल्ह्यातील प्रत्येक गावाच्या मोटरी मोटरीची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या त्याच चार रिवाइंडिंगवाल्यांच्या दाराशी रांगेत लागतात. म्हणून शंभर-दीडशे किलोमीटर दूर, वेगळ्या नदीखोऱ्यातील एखाद्या कारखान्याशी उन्हाळ्यातच दरकरार करून ठेवावा. शक्य तेथे सर्व केंद्रांवर एकाच मापाच्या मोटरी आणि स्टार्टर वापरावेत, म्हणजे एक राखीव मोटर कोठेही बसते. राखीव सामान त्याच आवाराच्या तळमजल्यावर ठेवू नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण मी ते बुडालेले पाहिले आहे.

पाणी सोडताना पहिले पाणी पिण्याचे नसते. पुरवठा बंद असताना वाहिन्यांतील दाब जातो आणि गळतीच्या ठिकाणांहून, बुडालेल्या नळजोडांतून, गढूळ पाणी आत शिरते. म्हणून वाहिन्या आधी धुऊन घ्याव्यात, टीसीएलची मात्रा वाढवावी आणि शेवटच्या टोकाच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यातील शिल्लक क्लोरीनची चाचणी) करून, नेहमीच्या ०.२ ऐवजी लिटरला ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मिळेपर्यंत पाणी उकळून पिण्याची सूचना कायम ठेवावी. टीसीएल उघड्यावर पडून असेल तर त्याची ताकद गेलेली असते; पोते जुने असेल तर मात्रा ठरवण्याआधी त्यातील क्लोरीन तपासावे.

वीज, क्लोरीन आणि माणसे पूर्ववत झाली की एक काम उरते, आणि ते पंधरा दिवसांच्या आत करावे लागते, कारण नंतर भिंती रंगवल्या जातात. पंपहाउसच्या भिंतीवर गाळाची जी रेघ उमटलेली असते, ती आवारातील कोरलेल्या दगडावरून लेव्हल लावून मोजावी, तिच्यावर छिन्नीने खूण करून तारीख कोरावी, आणि सुरुवातीला केलेली वस्तूंची यादी त्या खुणेशेजारी धरून, रेघेच्या खाली राहिलेल्या प्रत्येक वस्तूपुढे पुढील अंदाजपत्रकाचा क्रमांक लिहावा.